तळातला अर्धा सेंटीमीटर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हरिप्रिया राव यांनी सेंट्रिफ्यूजचं झाकण लावलं आणि टायमर पंधरा मिनिटांवर नेला. शुक्रवार, ६ मार्च २००९. आत आठ नळ्या होत्या, आठही निळ्या बुचाच्या. यंत्र फिरायला लागलं तसं समोरच्या फडताळातल्या बाटल्या किणकिणल्या. सात पंचविसाला यंत्र थांबलं. आता नळ्यांमध्ये खाली गडद लाल थर होता आणि वर पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा. हरिप्रियांनी पिपेटनं वरचं पाणी प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये काढलं. पण लाल थराच्या वर अर्धा सेंटीमीटर तसाच सोडून दिला. मग त्या प्लास्टिकच्या नळ्या पुन्हा यंत्रात ठेवल्या आणि पुन्हा पंधरा मिनिटं लावली.

दुसऱ्यांदा यंत्र थांबल्यावरही त्यांनी तळाचा थोडा भाग सोडला. सोडलेलं सगळं पिवळ्या पिशवीत गेलं. काढलेल्या रक्तातल्या वापरण्याजोग्या भागाचा जवळपास चौथा हिस्सा या प्रयोगशाळेत रोज फेकला जातो. तो फेकावा असा नियम भिंतीवर लावलेला आहे आणि त्याखाली हरिप्रियांची सही आहे. अकरा महिन्यांपूर्वी त्याच जागी त्यांचाच उलटा नियम होता.

प्रयोगशाळा चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या एका खाजगी नेत्ररुग्णालयाची आहे. हरिप्रिया तिथल्या वरिष्ठ तंत्रज्ञ. वय चव्वेचाळीस. जन्म तंजावरचा, तिथल्या मराठी घरातला. रसायनशास्त्राची पदवी कुंभकोणमला, प्रयोगशाळेचा डिप्लोमा चेन्नईत. नवरा गिरीधर अंबत्तूरच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो. रुग्णालय घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, त्यामुळे पावणेसातला निघून सातला त्या हजर असतात.

डोळ्यांच्या रुग्णालयात रक्ताची प्रयोगशाळा कशाला, असा प्रश्न त्यांना लग्नकार्यात हमखास विचारला जातो. उत्तर असं. डोळ्याच्या पडद्यातून रक्त परत नेणारी शीर कधीकधी गुठळीनं बंद होते. पडद्यात रक्त साचतं, सूज येते, दिसणं जातं. साठीच्या माणसाला असं झालं तर कारण बहुधा रक्तदाब, साखर किंवा काचबिंदू. तिशी-पस्तिशीच्या माणसाला झालं आणि यातलं काहीच सापडलं नाही, तर रक्तात शोधावं लागतं. काहींच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, जी पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्याला चिकटतात आणि रक्त गोठण्याची घडी बिघडवतात. ती ओळखण्याच्या तपासण्यांपैकी एक प्रतिपिंड थेट मोजत नाही. नळीतलं रक्त गोठायला किती सेकंद घेतं, ते पाहते. गंमत अशी की शरीरात गुठळ्या करणारं हे प्रतिपिंड नळीत मात्र गोठणं लांबवतं. सेकंद वाढले की संशय घ्यायचा.

ही तपासणी रुग्णालयात मे २००५ मध्ये सुरू झाली आणि तिची कार्यपद्धती हरिप्रियांनी लिहिली. तपासणीचा संच एकदा उघडला की लवकर संपवावा लागतो, म्हणून दर गुरुवारी एकत्र तपासण्या. आठवडाभर आलेलं रक्त एकदा फिरवायचं, पिवळं पाणी काढायचं, डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, गुरुवारी वितळवायचं. कार्यपद्धतीतलं चौथं कलम त्यांच्या शब्दांत असं होतं: "प्लाझ्मा शेवटच्या थेंबापर्यंत काढावा. काहीही वाया जाऊ नये." असं कलम त्यांच्या हातून येणं स्वाभाविक होतं. त्यांच्या सासूबाई राजसबाई भात धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालतात आणि ताकाचं भांडं विसळून ते पाणी पितात. माणसाच्या हातात सुई टोचून काढलेलं रक्त फेकायचं, ही कल्पनाच हरिप्रियांना सहन होत नव्हती.

तीन वर्षांत डोळ्याची शीर बंद झालेल्या त्रेसष्ट रुग्णांचं रक्त या पद्धतीनं तपासलं गेलं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट रिपोर्टांवर एकच शब्द होता: निगेटिव्ह.

"त्या शून्याचं मला कौतुक वाटायचं," हरिप्रिया सांगतात. "वाटायचं, आपल्याकडे चुकून पॉझिटिव्ह येत नाही. कंट्रोल दर गुरुवारी बरोबर यायचा."

कंट्रोल म्हणजे कंपनीकडून येणारा, प्रतिपिंड असल्याचं आधीच माहीत असलेला नमुना. पद्धत नीट चालते की नाही, हे त्यावरून कळतं. पण तो येतो तोच स्वच्छ, कोरड्या पुडीच्या रूपात. तो कधी हरिप्रियांच्या सेंट्रिफ्यूजमधून गेलेला नसतो.

चौपन्नाव्या रिपोर्टावर नाव होतं रविकांत खोपकर. वय छत्तीस, मूळचे पुण्याजवळ खडकीचे, चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यात मापं तपासणारे निरीक्षक. व्हर्नियर मापपट्टीवरची बारीक रेघ वाचणं हेच त्यांचं काम. जानेवारी २००८ मध्ये एका सकाळी दाढी करताना त्यांना उजव्या डोळ्यानं आरशात धूर दिसला. आठवडाभरात त्या डोळ्यानं एक मीटरवरची बोटं मोजता येतील, एवढंच उरलं. रक्तदाब, साखर, चरबी सगळं ठीक. शनिवारी, १९ जानेवारीला, रक्त घेतलं गेलं. गुरुवारी निगेटिव्ह.

रक्त घेताना हरिप्रिया त्यांच्याशी मराठीत बोलल्या. "बसावें. हात पुढें करा. मूठ घट्ट धरा."

खोपकर एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमची मराठी ऐकून शाळेतली बखर आठवली."

"सरी," हरिप्रिया म्हणाल्या. 'बरं' या अर्थी हा तमिळ शब्द त्यांच्या मराठीत मुरलेला आहे. "मग बखरींत रक्त कोण काढीत होतें तेंही सांगा. झालें. कापूस दाबून धरा."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोपकर पुन्हा आले. या वेळी डाव्या डोळ्यासाठी. महिन्याभरात तीनदा त्या डोळ्यासमोर दोन-तीन मिनिटं राखाडी पडदा आला होता आणि गेला होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या विकारांच्या डॉक्टर कनका यांनी डोळा तपासला. डाव्या डोळ्याच्या शिरा फुगलेल्या, नागमोडी दिसत होत्या. त्या स्वतः खाली प्रयोगशाळेत आल्या.

"ही शीर बंद व्हायच्या तयारीत आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. प्रयोगशाळेतलं बोलणं तमिळमध्येच चालतं. "कारणाशिवाय मी काय देऊ? तुमच्या रिपोर्टात कारण नाही. जरा परत बघता का?"

हरिप्रियांनी दोन वह्या काढल्या. एक गुरुवारच्या तपासणीची. दुसरी रोजच्या साध्या गोठण-चाचणीची, जी प्रत्येक रुग्णाचं रक्त आल्या दिवशीच, फ्रीझरमध्ये न ठेवता होते. दोन वह्या दोन टेबलांवर असत आणि कुणी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचत नसे. रोजच्या वहीत १९ जानेवारीला खोपकरांच्या नावापुढे पंचेचाळीस सेकंद होते. नेहमीची मर्यादा छत्तीस. पुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'जरा जास्त, पुन्हा पाहावे.' गुरुवारी निगेटिव्ह आलं म्हणून पुन्हा कुणी पाहिलं नव्हतं.

प्रत्येक रुग्णाची एक जादा नळी हरिप्रिया फ्रीझरमध्ये राखून ठेवत. तीही काही वाया न घालवण्याच्या सवयीतून. त्यांनी खोपकरांची जानेवारीची नळी वितळवली आणि तीच साधी चाचणी लावली. तेहेतीस सेकंद.

एकाच माणसाचं, एकाच वेळी काढलेलं रक्त. ताजं असताना पंचेचाळीस, फ्रीझरमधून आल्यावर तेहेतीस. मधे फक्त गोठवणं आणि वितळवणं. त्या दिवशी आलेल्या एका रुग्णाचा प्लाझ्मा त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं, शेवटच्या थेंबापर्यंत काढला आणि रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राला दिला. त्या पिवळ्या पाण्यात, जे स्वच्छ असायला हवं होतं, एका मायक्रोलिटरला अठ्ठावन्न हजार प्लेटलेट निघाल्या. चालतील अशा जास्तीत जास्त दहा हजार.

पुढचं त्यांना लिहून ठेवायची गरज पडली नाही. लाल थराच्या अगदी वर प्लेटलेटचा पातळ थर असतो. शेवटचा थेंब ओढताना तो पिपेटमध्ये येतो. गोठवल्यावर प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्यातलं स्निग्ध द्रव्य पाण्यात मिसळतं. प्रतिपिंड ज्याला चिकटतं, तेच ते द्रव्य. गुरुवारी नळी वितळेपर्यंत प्रतिपिंड त्यालाच चिकटून संपलेलं असतं. तपासणीला उरत नाही. रिपोर्ट स्वच्छ येतो.

रुग्णालयात आता असं सांगतात की घरी सार वाढताना राजसबाई "तळ ढवळूं नको, वरचें घे" म्हणाल्या आणि हरिप्रियांच्या डोक्यात प्रकाश पडला. हरिप्रिया ही गोष्ट साफ नाकारतात. "सासूबाई वीस वर्षं तेंच सांगताहेत. मला कळलें तें मोजल्यावर."

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. सत्यनारायण यांच्या टेबलावर त्यांनी दोन्ही वह्या उघडून ठेवल्या. डॉक्टर बराच वेळ वाचत होते.

"त्रेसष्ट रिपोर्टांवर तुझी सही आहे," ते म्हणाले.

"आहे."

"फ्रीझर बिघडला होता असंही म्हणता येईल. फ्रीझर उलट बोलत नाही."

"फ्रीझर ठीक आहे, सर. कलम चार चुकलंय. ते मी लिहिलं."

"मंजूर कुणी केलं?"

"तुम्ही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मग दोघं मिळून बुडू," ते म्हणाले. "आधी त्या माणसाला बोलाव."

१० एप्रिलला, गुरुवारी, रविकांत खोपकर आणि त्यांच्या पत्नी चारुलता सकाळी सातला हजर होते. रक्त घेण्याआधी हरिप्रियांनी त्यांना बाजूला बसवून सगळं सांगितलं. कोणती चूक, कुणाची, कधीपासून.

चारुलतांनी विचारलं, "म्हणजे रिपोर्ट बरोबर आला असता, तर जानेवारीतच औषध चालू झालं असतं?"

"होय."

"आणि आता हा डोळा धोक्यात आला नसता?"

"तें कुणी सांगूं शकत नाहीं. पण जानेवारीपासूनचे दिवस वाया गेले, तें माझ्यामुळें."

चारुलता नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बाही वर करा." मग हरिप्रियांना म्हणाल्या, "आता तुमचा हात थरथरू देऊ नका, म्हणजे झालं."

या वेळी रक्त दोनदा फिरवलं. तळ सोडला. प्लेटलेट मोजल्या: चार हजार. तपासणी त्याच सकाळी झाली. सामान्य माणसाच्या तुलनेत खोपकरांच्या रक्ताचं गुणोत्तर एक पूर्णांक सहा. एक पूर्णांक दोनच्या वर गेलं की पॉझिटिव्ह.

पण एका निकालावर निदान होत नाही. एखाद्या तापानंतरही असं प्रतिपिंड येतं आणि निघून जातं, आणि खोपकरांना डिसेंबरात ताप आला होता. निदान व्हायला किमान बारा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते. शिवाय रक्त पातळ करणारं मुख्य औषध चालू केलं, तर दुसऱ्या तपासणीचे सेकंद औषधामुळेच वाढतात आणि प्रतिपिंड आहे की नाही, याचा निर्णय अवघड होतो. चुकीच्या माणसाला ते औषध जन्मभर देणं हाही धोकाच. डॉ. सत्यनारायण आणि डॉ. कनका यांनी ठरवलं: तोवर रोज ॲस्पिरिन, दर पंधरा दिवसांनी डोळ्याची तपासणी, आणि पडदा पुन्हा आला तर निदानाची वाट न बघता मोठं औषध. दुसरी तारीख ठरली ३ जुलै. मधले चौऱ्याऐंशी दिवस.

आवडीच्या क्वार्टरमध्ये हे दिवस कसे गेले, ते चारुलता सांगतात. रोज सकाळी सहाला त्या नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली कुठलीही तारीख विचारायच्या. खोपकरांनी डाव्या डोळ्यानं त्या चौकोनातलं बारीक अक्षर वाचायचं: तिथी, नक्षत्र, चंद्रोदय.

"महिन्याभरात मला वर्षाच्या सगळ्या संकष्ट्या पाठ झाल्या," खोपकर म्हणतात.

"म्हणून मी कॅलेंडर बंद केलं," चारुलता म्हणतात. "पाठ म्हणणाऱ्याचा डोळा कसा कळणार? मग दक्षिण रेल्वेचं वेळापत्रक आणलं. त्यातल्या तळटिपा."

"कुठली गाडी विल्लुपुरमला कुठल्या वारी थांबत नाही, ते विचारा मला."

"कुणी विचारत नाहीये."

त्या चौऱ्याऐंशी दिवसांत पडदा एकदा आला. १९ मे, पाऊण मिनिट. ते रुग्णालयाला निघायच्या आत गेला. डॉ. कनकांनी त्याच दुपारी डोळा पाहिला. शीर उघडी होती. थांबायचं की ठरल्याप्रमाणे औषध चालू करायचं, यावर दोन डॉक्टरांत अर्धा तास वाद झाला. शेवटी एक आठवडा रोज तपासून थांबायचं ठरलं. हरिप्रियांना या वादात मत नव्हतं. त्यांनी त्या आठवड्यात पिपेटची मापं पुन्हा जुळवून घेतली.

३ जुलैच्या सकाळी हरिप्रियांनी एक अट घातली. त्यांना कुठली नळी कुणाची ते कळता कामा नये. "मला पॉझिटिव्ह यायला हवं होतं," त्या सांगतात. "ज्याला उत्तर हवं असतं, त्याच्या हातात नाव देऊ नये." डॉ. सत्यनारायण यांनी सहा नळ्या तयार केल्या. एक खोपकरांची. बाकी पाच रुग्णालयातल्या निरोगी माणसांच्या. त्यात स्वतः डॉक्टर होते आणि हरिप्रियाही. नळ्यांवर फक्त आकडे. यादी पाकिटात बंद करून डॉक्टरांनी खिशात ठेवली.

सात दहाला पहिलं फिरवणं. सात अठ्ठाविसाला दुसरं. आठला तपासणी सुरू झाली. एक: सामान्य. दोन: सामान्य. तीन: सामान्य. चार: एक पूर्णांक सहा. पाच आणि सहा: सामान्य.

डॉक्टर म्हणाले, "चार परत."

चार परत लावली. एक पूर्णांक सहा. मग खात्रीची शेवटची पायरी: नळीत मुद्दाम जादा स्निग्ध द्रव्य घालायचं. सेकंद त्यानं खाली आले, तर गोठणं लांबवणारं दुसरं काही नाही, प्रतिपिंडच आहे. सेकंद खाली आले. फ्रीझरमध्ये तीन वर्षं जे अपघातानं होत होतं, तेच या वेळी हरिप्रियांनी मोजून मापून, स्वतःच्या हातानं केलं.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं, यादी पाहिली आणि टेबलावर ठेवली. चारपुढे खोपकर हे नाव होतं. "तू तीन नंबर होतीस," ते म्हणाले. "तब्येत उत्तम आहे. जा, वर सांगून ये."

हरिप्रिया लिफ्टची वाट न बघता दोन मजले जिना चढल्या. खोपकर दांपत्य डॉ. कनकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर होतं.

"सांपडलें," त्या म्हणाल्या.

रोग नक्की झाल्याची बातमी ऐकून कुणी हसत नाही. चारुलता हसल्या. मग त्यांनी पर्समधून वेळापत्रक काढलं आणि बाकाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. खोपकरांनी ते उचलून परत घेतलं. "अजून दिवाळीला खडकीला जायचंय," ते म्हणाले.

त्याच दिवशी रक्त पातळ करणारी गोळी चालू झाली. तिची मात्रा रक्ताची आयएनआर नावाची चाचणी करून ठरते. आकडा दोन ते तीनच्या मधे राहावा लागतो. जुलैनंतर डाव्या डोळ्यासमोर पडदा आलेला नाही. ऑगस्टमध्ये कारखान्याच्या वैद्यकीय मंडळासमोर खोपकर उभे राहिले. मंडळापुढे कारण, उपचार आणि डाव्या डोळ्याची सहाला सहा अशी पूर्ण नजर होती. मंडळानं त्यांना अवजड यंत्रांपासून दूर, मापांच्या खोलीत कायम ठेवलं. म्हणजे होते तिथेच.

उरलेल्या बासष्टांना हरिप्रियांनी पत्रं पाठवली. पत्रात 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द व्यवस्थापनानं घातले होते. हरिप्रियांनी ते काढून 'आमच्या पद्धतीतील चुकीमुळे' असं लिहिलं आणि मसुदा तीनदा वर-खाली गेल्यावर तेच छापलं गेलं. अडतीस जण आले. चौघांत प्रतिपिंड सापडलं, तिघांत बारा आठवड्यांनंतरही टिकलं. तिघंही पंचेचाळिशीच्या आतले. तिघांचाही तोवर एकच डोळा गेलेला. आज तिघं औषधावर आहेत आणि तिघांचा दुसरा डोळा शाबूत आहे. खोपकर धरून चौघं.

"चौघांवरून काही सिद्ध होत नाही," डॉ. सत्यनारायण म्हणतात. हरिप्रियाही तेच म्हणतात. न झालेल्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही. पण यंदा जानेवारीत दुसऱ्या दोन रुग्णालयांतल्या तंत्रज्ञांना त्यांनी ही पद्धत शिकवली, तेव्हा वर्गाची सुरुवात स्वतःच्या जुन्या चौथ्या कलमाची प्रत वाटून केली. २००५ च्या पुरात वेलचेरीत कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा दोन दिवस जनरेटर चालू ठेवून त्यांनी फ्रीझरमधल्या नळ्या वाचवल्या होत्या. हेही त्यांनी वर्गात सांगितलं. "ज्यांतलं उत्तर आधीच गेलं होतं, अशा नळ्या," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. त्याही हसल्या.

सव्वाआठला आजच्या आठ नळ्यांचे आकडे वहीत उतरले. रोजची वही आणि गुरुवारची वही आता एकच आहे. एका पानावर दोन रकाने.

उद्या ७ मार्च, महिन्याचा पहिला शनिवार, खोपकरांच्या आयएनआरचा. खोपकर पहाटे आवडीहून निघून सातला इथे पोचतील. त्यांची निळ्या बुचाची नळी सात दहाला सेंट्रिफ्यूजमध्ये जाईल. आयएनआरला एकदा फिरवलेलं पुरतं, म्हणून ती सात पंचविसाला बाहेर येईल.